परवानगी देणारा कुठे बसतो?

आमच्या थेरगावच्या सोसायटीचा मी सचिव आहे. सभांची इतिवृत्तं मी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवतो. एका रविवारी त्यातल्या एका फोल्डरचं नाव बदलायला गेलो, तर पडद्यावर चौकट आली: या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी तुम्हाला सुधाकर यांची परवानगी लागेल.

सुधाकर म्हणजे मीच. फोल्डरही मीच केलेलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच उत्तर.

बायको भाजी निवडत बसली होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग देऊन टाका की परवानगी."

"कोणाला देऊ? मागणाराही मीच आहे."

"या घरात माझ्याशिवाय तुम्हाला कधी कोणी परवानगी दिलीय? मला विचारायचं होतं आधी."

ती हसली, मीही हसलो. पण हसताना मला दत्ता आठवला आणि हसू तिथेच थांबलं. कारण हाच प्रकार कारखान्यात घडला होता तेव्हा एका माणसाची नोकरी टांगणीला लागली होती, आणि मला इतका राग आला होता की तो अजून पुरता गेलेला नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात मोजणीचं काम करतो. गाड्यांना लागणारे धातूचे भाग आम्ही बनवतो. डांगे चौकातून सकाळी कंपनीची बस पकडायची, चाकणच्या वाहतुकीत तिचं काय होईल ते बघायचं आणि उतरल्यावर क्वालिटी खात्यात जाऊन इतरांनी बनवलेलं बरोबर आहे की चूक ते सांगायचं. या कामात मित्र फार होत नाहीत. माणूस दिवसभर घाम गाळून काहीतरी बनवतो आणि आम्ही येऊन सांगतो, भोक इकडे सरकलंय. पण एक गोष्ट मी अभिमानाने सांगेन. ज्याला ज्याला मी नाही म्हटलं, त्याच्यासमोर उभा राहून म्हटलं. आकडा दाखवला, ड्रॉइंग दाखवलं, त्याला शंका असेल तर त्याच्यादेखत पुन्हा मोजलं.

पूर्वी आम्ही हातानेच मोजत असू. आता ग्रॅनाइटच्या टेबलाचं एक मोठं यंत्र आहे. त्याच्या सोंडेला माणकाचा बारीक मणी असतो. तो मणी त्या भागाला जागोजागी टेकतो आणि कुठलं भोक कुठे आहे ते संगणक सांगतो. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. भोक कुठे असायला हवं आणि किती इकडे-तिकडे चालेल हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. फाइलप्रमाणे निघालं तर पडद्यावर हिरवं, नाही तर लाल. म्हणजे फाइल चुकीची असेल तर चांगला नग लाल दिसणार. इतकं साधं आहे.

लाल निघालेला नग लाल पेटीत जातो. लोखंडी, लाल रंगाची, कुलूपबंद पेटी. तिला वर एक फट असते, टपालपेटीसारखी. नग आत टाकता येतो, बाहेर काढता येत नाही. चावी क्वालिटीकडे, म्हणजे माझ्याकडे. गडबडीत कोणी वाईट नग चांगल्यांत मिसळू नये म्हणून ही सोय. महिनाअखेरीला मी कुलूप उघडतो, नग मोजतो आणि माझ्यासमोर ते हातोड्याने तोडले जातात. तोडलेल्या नगांचा आकडा मी संगणकावर मान्य केला की कारखान्याचा महिना बंद होतो आणि सगळे अहवाल मुख्य कार्यालयात जातात. दसऱ्याला आम्ही व्हर्निअर, मायक्रोमीटर, उंची मोजायचा गेज अशी सगळी हत्यारं मांडून पूजा करतो, त्यात ही चावीही असते.

आता मूळ गोष्ट. आमचा कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. घेणारे वाईट नव्हते. कँटीन सुधारलं, बसला नवे पडदे लागले. मग त्यांनी संगणक सुधारले.

आमच्या खात्यात तिन्ही शिफ्टना मिळून संगणकात शिरायचं एकच नाव होतं: क्वालिटी. माणूस बदलला तरी नाव तेच. याला कारण होतं. एखादा मोठा भाग मोजायला घेतला आणि मध्येच शिफ्ट सुटली, तर पहिल्याने बाहेर पडून दुसऱ्याने आपल्या नावाने आत शिरायचं म्हटलं की अर्धी मोजणी वाया जाणार. त्यामुळे खुर्ची बदलायची, नाव बदलायचं नाही. वर्षानुवर्षं आम्ही ज्या ज्या मोजणीच्या फाइली केल्या, त्या सगळ्या या क्वालिटी नावाने केल्या.

नव्या मालकांचा नियम आला: एक माणूस, एक नाव. नियम चुकीचा नाही. कोणी काय केलं ते कळायला हवं, हे माझ्यासारख्याला सांगायला नको. प्रत्येकाला आपापलं नाव मिळालं. सगळ्या फाइली दूरच्या एका सर्व्हरवर गेल्या आणि क्वालिटी हे नाव पुसून टाकण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्याच फाइली पाहू शकत होतो, चालवू शकत होतो, पण त्यातला एक ठिपकासुद्धा बदलू शकत नव्हतो. पडद्यावर इंग्रजीत चौकट यायची: फक्त वाचनासाठी. बदल करायचा असल्यास अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

हा अॅडमिनिस्ट्रेटर कोण, कुठे बसतो, कधी जेवायला जातो, हे आमच्या कारखान्यात कोणालाही माहीत नव्हतं. यंत्राला फूल वाहता येतं. या सर्व्हरला वाहायचं म्हटलं तर कुठे?

लोकांनी पळवाटा काढल्या. अहवाल छापायची परवानगी नाही म्हणून स्टोअरमधला एकजण पडद्यावरचे आकडे हाताने उतरवून घ्यायचा, कारण मोबाइलच्या कॅमेऱ्याला गेटवर स्टिकर लावतात. मी पळवाट काढली नाही. मी रीतसर विनंती नोंदवली. तिला क्रमांक मिळाला आणि एक निरोप आला की आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला धरून ठेवतो तो हा ब्रॅकेट. त्यातलं एक भोक कडेपासून ४२ मिलिमीटरवर होतं, ते ४२.६ वर न्यायचं. इकडे-तिकडे सूट एक दशांश मिलिमीटर. गिऱ्हाइकाला आधी थोडेच नग हवे होते, बसवून बघायला. असं नाजूक काम आमचे प्रॉडक्शन मॅनेजर खैरे नेहमी दत्ताला देत.

दत्ता चाकणच्या पलीकडच्या एका गावचा. घरची शेती आहे, भाऊ ती पाहतो, हा कारखान्यात कंत्राटावर. कंत्राटी मुलांमध्ये त्याच्या हाताचे नग सगळ्यांत कमी लाल व्हायचे. त्यामुळे कायम करायच्या यादीत या खेपेला त्याचं नाव येणार हे सगळे धरून चालले होते. यायलाच हवं होतं, कारण तिशी उलटलेल्याला कायम करायचं नाही असा नियम आहे आणि पुढची यादी लागेपर्यंत दत्ताची तिशी उलटणार होती. नाव आत्ता नाही तर कधीच नाही.

दत्ताच्या मशीनवर नवं ड्रॉइंग लागलं. माझ्या मोजणीच्या फाइलीत मात्र जुनंच भोक राहिलं, ४२ वरचं. त्याने पहिला नग आणून दिला, मी तो यंत्रावर ठेवला, मण्याने भोकाला स्पर्श केला आणि पडदा लाल झाला.

दत्ता पडद्याकडे बघत राहिला. "सायेब, आमी नव्या ड्रॉइंगपरमानंच केलंय की."

"माहीत आहे मला. नग चांगला आहे. फाइल जुनी आहे."

"मंग बदला की."

"बदलता येत नाही."

"तुमीच बनिवली न्हवं ती?"

मी बनवली होती हे खरं होतं. बदलता येत नव्हतं हेही खरं होतं. मी नवी फाइल करायचा प्रयत्न केला. ती माझ्या संगणकावरच राहिली, कारण यंत्र फक्त मंजूर फोल्डरमधल्या फाइली चालवतं आणि त्या फोल्डरमध्ये काही ठेवायला मला मनाई. मी तो नग जुन्या पद्धतीने, ग्रॅनाइटवर उभा करून हाताने मोजला. ४२.६२. बिनचूक. तो आकडा लिहून, सही करून खैरेंकडे नेला.

"साळवीसाहेब, तुमच्या मोजण्यावर माझा विश्वास आहे हो," खैरे म्हणाले. "पण हे सिस्टीममध्ये कुठे टाकू? तिथे हाताच्या मोजणीला रकानाच नाही."

"मग निदान दत्ताच्या नावावर लाल चढणार नाही एवढं बघा."

"मलाही फक्त दिसतं, राव. बदलता कुठे येतंय?"

नियमाप्रमाणे लाल नग लाल पेटीत गेला. त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. नाजूक काम उत्तम करतो म्हणून ज्याला निवडलं, त्याच्याच नावापुढे लाल चढत गेलं. बाकीची मुलं ड्रॉइंग न बदललेले दुसरे भाग बनवत होती, त्यांचं हिरवं. खात्याबाहेर एक मोठा पडदा लावलाय, त्यावर प्रत्येकाची टक्केवारी दिसते. येणारा-जाणारा थांबून बघायचा. शिफ्ट सुटताना कोणीतरी ओरडलं, "दत्ता भावा, डोळं तपासून घे!" दत्ता हसला, पण डबा बसमध्येच विसरला, असं दुसऱ्या दिवशी त्याच्या बसच्या ड्रायव्हरने मला सांगितलं.

मी संगणकाच्या मदत कक्षाला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत. मग एक तरुण हिंदीत बोलू लागला. मी चिडून मराठीत पुटपुटलो तसा तो म्हणाला, "सर, तुम्ही मराठी का? मी नागपूरचा. रोहित."

"रोहित, माझी विनंती कुठे अडकली आहे ते सांग बाबा."

"पाहून राहिलो ना सर. सर, तुमची विनंती फाइलच्या मालकाकडे मंजुरीसाठी गेलेली आहे."

"मालक कोण?"

"इथं नाव दिसून राहिलं, क्वालिटी."

"अरे, क्वालिटी म्हणजे आम्हीच!"

"असं का? मग तुम्हीच मंजूर करून टाका ना सर."

"ते नाव तुम्ही पुसून टाकलंय."

"हो सर. तो युजर डिलीट झालेला आहे. त्याची मंजुरी येणार नाही मग."

"मग तू दे."

"मला अधिकार नाही सर. मलाही फक्त दिसते."

"अधिकार कोणाला आहे?"

"अॅडमिनला."

"अॅडमिन कोण?"

"सर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? मलाही नाही माहीत. आम्ही विनंती पाठवतो, तिकडून कोणीतरी करते."

पोरगा प्रामाणिक होता, त्याच्यावर मी ओरडलो नाही. पण फोन आपटूनच ठेवला. कुलपाला माझा विरोध नाही. माझं अर्धं आयुष्य एका कुलपाची चावी सांभाळण्यात गेलं आहे. पण माझ्या कुलपापाशी मी उभा असतो. ज्याला राग आला असेल त्याला माझ्या तोंडावर बोलता येतं, आणि अनेकजण बोललेही आहेत. इथे नाही म्हणणारा कोणी नव्हताच. खैरेंना दिसतं, रोहितला दिसतं, मला दिसतं. नग चांगला आहे हे सगळ्यांना मान्य. आणि दत्ताची कायमची नोकरी हुकणार, तीही कोणाच्या निर्णयाने नाही. असा निर्णय कोणी घेतलाच नव्हता. मी नंतर दोनदा विनंती नोंदवली. दोन्ही वेळा उत्तर आलं की याच विषयाची विनंती आधीच प्रलंबित असल्याने ही बंद करण्यात येत आहे.

महिनाअखेर आली. खैरे हातोडा घेतलेल्या माणसासह लाल पेटीपाशी येऊन थांबले. दत्ता पहिल्या शिफ्टला होता. मशीन थांबवून तोही दुरूनच बघत होता.

"चला साळवीसाहेब, उघडा. महिना बंद करायचाय."

खिशातल्या चावीवर माझा हात गेला आणि मला एकदम कळलं की हे नग तुटले की संपलं. ते चांगले होते हे दाखवायला मग जगात काही उरणार नाही. लाल आकडा तेवढा राहील.

"मी उघडणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"आत चांगले नग आहेत. चांगले नग तोडायला मी कुलूप काढणार नाही."

"काय राव साळवी, आज हे काय काढलंत? तुम्ही नाही तोडले तर महिना बंद होत नाही. मुख्य कार्यालयातून मला फोन येतील."

"येऊ द्या. त्यांना सांगा, चावी साळवीकडे आहे. फाइल उघडा, नग पुन्हा मोजू, जे खरोखर लाल निघतील ते मी स्वतः तोडीन."

"ही अडवणूक आहे."

"असेल. पण मी इथेच बसलोय. माझा चेहरा सगळ्यांना दिसतोय."

खैरे पाय आपटत गेले. हातोडेवाला बिचारा कुठे जावं ते न कळून पेटीवरच टेकला. मी त्याला चहाला पाठवलं.

महिना बंद झाला नाही. आणि मग काय झालं पाहा. एका कंत्राटी कामगारासाठी इतके आठवडे जी यंत्रणा हलली नव्हती, तिला अहवाल अडकला म्हटल्यावर पाय फुटले. त्याच दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातल्या एक बाई होत्या. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, मराठीत बोलल्या.

"मिस्टर साळवी, तुमची मान्यता बाकी आहे असं दिसतंय. काय अडचण आहे?"

मी भोकाचं सांगितलं, फाइलीचं सांगितलं, पुसलेल्या मालकाचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. कीबोर्डची बटणं दाबल्याचे आवाज आले.

"आता बघा बरं," त्या म्हणाल्या.

मी फाइल उघडली. आकड्यावर क्लिक केलं. ४२ पुसलं, ४२.६ लिहिलं, सेव्ह केलं. झालं.

"इतकंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. इतकंच होतं."

त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण एवढं सोपं होतं याचा जो संताप आला, तो मी कोणावर काढायचा? परवानगी होती. कोणाच्या तरी हाताखाली, एका बटणाच्या अंतरावर, पहिल्या दिवसापासून होती. दत्तासाठी ती मिळत नव्हती. अहवालासाठी लगेच मिळाली.

मी कुलूप काढलं. खैरे आले, दत्ताला बोलावून घेतलं. त्याचा एकेक नग यंत्रावर ठेवत गेलो. हिरवा. हिरवा. हिरवा. दत्ता ओठांतल्या ओठांत हिरवे मोजत होता. मध्येच एक लाल आला. मी पुन्हा मोजला. लालच. मग हाताने मोजला. एक दशांशाच्या सुटीबाहेर, अगदी थोडा, पण बाहेर.

खैरे म्हणाले, "एवढ्याने काय होतंय? टाका हिरव्यात."

मी काही म्हणायच्या आधीच दत्ताने तो नग उचलून पाहिला. "न्हाई सायेब. ह्यो माझाच हाय. ड्रिल बोथट झालं व्हतं त्या येळंला. ह्यो तोडा."

तो मी माझ्या हाताने तोडला, बाकीचे गिऱ्हाइकाकडे गेले. दत्ताच्या नावावर एकच लाल राहून महिना बंद झाला. यादी लागली तेव्हा दत्ताचं नाव तिच्यात होतं. कामात अडथळा आणल्याबद्दल मला एक समजपत्र मिळालं. ते मी घरी आणून बायकोला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "यातलं खोटं काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. खरंच अडथळा आणला होता.

दत्ता पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याच ब्रॅकेटचं आणखी एक नवं ड्रॉइंग पाहत होतो. गिऱ्हाइकाने भोक पुन्हा हलवलं होतं, आणि काम पुन्हा दत्ताच्या मशीनवर लागणार होतं. पेढा तोंडात टाकून मी सवयीने फाइल उघडली आणि आकड्यावर क्लिक केलं.

"सायेब, उघडली का?" दत्ताने मागून विचारलं.

बाईंनी दिलेली परवानगी त्या दिवसापुरतीच होती. मी खुर्ची बाजूला करून त्याला पडदा दाखवला. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण ती चौकट आता कारखान्यातला प्रत्येकजण ओळखतो.

दत्ताने पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या लाल पेटीकडे.

"मंग चावी जपून ठिवा," तो म्हणाला आणि मशीनकडे गेला.